शेजारी कोण असावा? सहकाराचा कायदा आणि सर्वोच्च न्यायालय

आमची गृहनिर्माण सोसायटी चोवीस सदनिकांची आहे. सगळे सभासद मुस्लिम. तसा कुठे नियम लिहिलेला नाही. वस्ती तशी, म्हणून इमारत तशी. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने आपले घर एका हिंदू कुटुंबाला विकायचे ठरवले. नवरा-बायको दोघे नोकरदार, एक मुलगी शाळेत. सर्वसाधारण सभेत कुजबुज सुरू झाली. शेवटी चेअरमन हाजीसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमचं मराठी चांगलं आहे. घर आपल्याच माणसाला विकायचं, असा एक ठराव लिहून द्या. निबंधकाकडे पाठवू."

मी नाही म्हणालो नाही. आठ दिवसांची मुदत मागितली, एवढेच.

बारा वर्षांपूर्वी बदली झाली तेव्हा मी एका शहरात घर शोधत होतो. एका ठिकाणी तर बयाण्याची रक्कम परत हातात ठेवत मालक म्हणाले होते, "सर, तुमच्याबद्दल काही नाही हो, पण मेंबर लोकांना चालत नाही." ते वाक्य मी विसरलेलो नाही. आता तेच वाक्य शुद्ध मराठीत लिहून द्यायचे काम माझ्याकडे आले होते. त्या आठ दिवसांत मी सहकाराच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

सुरुवात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावापासून. १८४४ मध्ये तिथल्या अठ्ठावीस जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, मिळून एक दुकान काढले. त्यांनी घालून दिलेल्या तत्त्वांतून पुढे जगभरची सहकारी चळवळ उभी राहिली. सभासदत्व सर्वांना खुले आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ, ही त्यातली दोन महत्त्वाची तत्त्वे.

आपल्याकडे सहकार आला तो वेगळ्या वाटेने. इंग्रज सरकारने १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवणे हा हेतू. संस्था काढायला किमान दहा माणसे हवीत, आणि ती एका गावची किंवा एका जमातीची, वर्गाची वा जातीची असावीत, असे त्या कायद्यात होते. १९१२ च्या सुधारित कायद्यातही कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी हीच अट थोड्या फरकाने राहिली. म्हणजे जात हा सभासदत्वाचा आधार होऊ शकतो, हे आपल्या सहकार कायद्याने जन्मापासून मान्य केले होते. त्यामागे हिशेब होता. एकाने कर्ज बुडवले तर सगळ्यांनी भरायचे, तर माणसे एकमेकांना ओळखणारी हवीत. आणि त्या काळी ओळख म्हणजे गाव किंवा जात.

घरांच्या सोसायट्याही याच वाटेने गेल्या. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्माकी हे तिचे प्रवर्तक. कानडा जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वत कुटुंबांना परवडणारी, नीटनेटकी घरे मिळावीत, ही गरज होती. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण सोसायट्यांत तिची गणना होते. तिच्या मागोमाग पारशी, जैन, कॅथलिक, मुस्लिम अशा अनेक समाजांच्या सोसायट्या निघाल्या. नव्या शहरात आपली माणसे जवळ असावीत, यात मला आजही गुन्हा दिसत नाही.

अशाच एका सोसायटीचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अहमदाबादची झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी १९२५ च्या मुंबई सहकार कायद्याखाली नोंदलेली. तेव्हा गुजरात मुंबई इलाख्यातच होता. १९२६ मध्ये तिने कोचरब आणि चंगीसपूर या गावांच्या शिवारातली सहा एकरांहून थोडी अधिक जमीन सरकारमार्फत संपादन करून मागितली. तिच्या उपविधींत स्पष्ट लिहिले होते की सभासद पारशीच असेल.

कितीतरी वर्षांनी, वडिलांच्या मागे सभासद झालेल्या एका पारशी गृहस्थांना आपला बंगला पाडून तिथे व्यापारी इमारत बांधायची होती. सोसायटीने नकार दिला. मग राहती घरे बांधायची परवानगी मागितली, ती मिळाली. अट एकच, घरे पारशांनाच विकायची. पुढे बिल्डर आला, वाद वाढला. पारशी गिऱ्हाईक मिळत नाही, मिळाले तर बाजारभाव मिळत नाही. माझी मालमत्ता मी कोणालाही का विकू नये, हा त्या सभासदांचा सवाल. प्रकरण सहकार खात्यातून गुजरात उच्च न्यायालयात गेले. तिथे सभासदाच्या बाजूने कौल लागला. सोसायटी दिल्लीला गेली.

१५ एप्रिल २००५ रोजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आणि पी. के. बालसुब्रमण्यन यांच्या पीठाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. त्याचा सारांश असा. संघटना स्थापन करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. सोसायटीत स्वेच्छेने आलेल्या माणसाला तिचे उपविधी पाळावे लागतात. पारशांनाच विकण्याची अट म्हणजे विक्रीवर पूर्ण बंदी नाही, म्हणून ती मालमत्तेच्या कायद्याविरुद्ध जात नाही. धर्मावरून भेद मिटवणे हे घटनेचे ध्येय आहे, हे न्यायालयाने मानले. पण ते ध्येय गाठायचे तर विधिमंडळाने कायदा करावा. मंजूर उपविधी 'सार्वजनिक धोरणाविरुद्ध' म्हणून न्यायालयाने मोडीत काढू नयेत, असे त्याचे म्हणणे.

निकाल वाचताना पहिल्यांदा मला पारशांची बाजू पटली. मूठभर समाज, संख्या वर्षागणिक घटते आहे. त्यांची एक वसाहत राहिली तर कोणाचे काय बिघडले? पण कायदा लहान-मोठा पाहत नाही. पारशांच्या कुंपणाला जो आधार मिळाला, तो उद्या बहुसंख्याकांच्या सोसायटीलाही मिळेल. साठ-सत्तर घरांच्या पारशी वसाहतीने दार लावले तर बाहेरच्याला सगळे शहर उरते. शहरातल्या बहुतेक इमारतींनी तेच केले तर बाहेरच्याला एक कोपरा उरतो.

इथे मला एक जुना निकाल आठवला, तो आपल्या घरचा म्हणावा असा. हक्के-शुफा हा शब्द आपल्यातल्या जुन्या माणसांना माहीत असेल. एखादा माणूस जमीन किंवा घर परक्याला विकत असेल, तर त्याच किमतीला ते आधी घेण्याचा हक्क सहमालकाला, आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्यालाही असतो. शाफई मत हा हक्क शेजाऱ्याला देत नाही. तेव्हा आमच्या कोकणातल्या बांधवांना तो नसायचा. ही प्रथा भारतात मुस्लिमांपुरती राहिली नाही. गुजरात आणि बिहारमधल्या काही भागांत हिंदूही ती पाळत. पंजाब, रीवा संस्थान आणि आपले वऱ्हाड, इथे ती वेगवेगळ्या रूपांत कायद्यातही आली होती.

भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क तपासला. सहमालकाचा हक्क टिकला, केवळ शेजारी म्हणून असलेला हक्क रद्द झाला. कारण काय दिले? या हक्काचा खरा हेतू परक्या धर्माच्या, वंशाच्या वा जातीच्या माणसाला वस्तीत येऊ न देणे हा असतो. समाजाचे असे गट पाडणे आणि बाहेरच्याला वस्तीबाहेर ठेवणे नव्या घटनेत बसत नाही.

१९६२ आणि २००५ हे दोन निकाल मी शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात वस्तीत परका नको हे कारण घटनेविरुद्ध ठरले. दुसऱ्यात तेच कारण उपविधीत लिहिलेले असल्यामुळे चालून गेले. वकील सांगतील की पहिल्यात कायद्याने दिलेला हक्क होता आणि दुसऱ्यात सभासदांनी आपखुशीने केलेला करार. फरक बरोबर आहे. पण बयाणा परत घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाला हा फरक कसा कळावा?

कोचरबचे नाव वाचून आणखी एक गोष्ट आठवली. १९१५ मध्ये गांधीजींनी भारतातला आपला पहिला आश्रम या कोचरबलाच सुरू केला होता. काही महिन्यांत दुदाभाई हे दलित गृहस्थ बायको आणि लहान मुलीसह तिथे राहायला आले. विहिरीवर भांडणे झाली, देणग्या बंद पडल्या, आश्रमातही कुरबुर झाली. तिथे कुठला उपविधी नव्हता. नकार होता तो माणसांच्या वागण्यात. गांधीजींनी ते कुटुंब ठेवून घेतले, आश्रम बंद पडायची वेळ आली तरी.

कोचरबच्या या गोष्टीने मला मूळ मुद्द्यावर आणले. पारशी सोसायटीचा खटला वीस-पंचवीस पाने वाचता येतो, कारण तिचा नियम लिहिलेला होता. लिहिलेल्या नकाराला आव्हान देता येते. त्याची कारणे द्यावी लागतात, त्यावर न्यायाधीश बोलतात. आपल्याला मिळणारा नकार मात्र लिहिलेला नसतो. फोनवर नाव सांगितले की घर 'आत्ताच गेलेले' असते. दलालच आधी विचारतो, "नाव काय म्हणालात?" असा नकार कुठल्याच न्यायालयात पोचत नाही.

महाराष्ट्राचा कायदा त्या मानाने बरा आहे. १९६० च्या सहकार कायद्याच्या तेविसाव्या कलमात खुले सभासदत्व आहे: पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. बाविसाव्या कलमात नकार कारणांसह कळवायला सांगितले आहे. तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाला असे धरायचे. नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. म्हणून घर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे: अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. पण याची मर्यादाही ओळखा. सभासदत्वाचा अर्ज सौदा झाल्यावर येतो. सौदाच मोडला तर अर्ज कसला? आणि भाडेकरू तर सभासद होतच नाही.

२०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्कांत आणला आणि मार्गदर्शक तत्त्वांत ४३-ब हे कलम घातले. स्वेच्छेने स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण, व्यावसायिक व्यवस्थापन, अशी चार तत्त्वे त्यात आहेत. खुले सभासदत्व त्या यादीत नाही. या दुरुस्तीने घटनेत आणलेले सहकारावरचे नवे प्रकरण राज्यांच्या संस्थांपुरते सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केले, कारण निम्म्या राज्यांची मंजुरी घेतली नव्हती. ४३-ब मात्र राहिले, आणि त्यातली ती उणीवही.

आठ दिवसांनी मी हाजीसाहेबांकडे गेलो. म्हणालो, "हाजीसाहेब, असा ठराव आपल्याकडे टिकायचा नाही. आणि टिकणारा असता तरी मी लिहिला नसता. उद्या हाच कागद दाखवून आपल्या मुलांना घर नाकारतील, तेव्हा आपण कुठल्या तोंडाने बोलणार?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, ठरावाची गरजच नाही उरली. त्या लोकांनीच नको म्हणून कळवलं. बहुतेक कोणीतरी जाऊन बोललं त्यांच्याशी."

कोण बोलले, हे मी विचारले. ते त्यांना ठाऊक नव्हते, किंवा सांगायचे नव्हते. सभेच्या वहीत त्या विषयावर आजही एक ओळ नाही. कोणी तपासायला आले तर त्याला काहीच सापडणार नाही. त्या आठ दिवसांत मी खटले वाचत बसलो होतो. त्या कुटुंबाला एक फोन करून "या, आम्ही आहोत" म्हणायला दोन मिनिटे लागली असती. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, एका सावलीत राहणारा. वर्गात हा शब्द मी दरवर्षी शिकवतो.