पंचवीस की दोनशे एक्कावन्न?

आम्ही वर्गात मुलांना एखादी बातमी वाचायला देतो तेव्हा अगोदर एवढेच विचारतो : ही खबर सांगणारा कोण, आणि ती सांगून त्याला काय मिळते? 'सिको' या अमेरिकन माहितीपटावर २००७ साली जो गदारोळ झाला, तो आम्हाला या सवालासाठी पुन्हा पुन्हा आठवतो.

मायकेल मूर यांचा हा चित्रपट मे २००७ मध्ये कान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये अमेरिकेत लागला. विषय आरोग्य विम्याचा. सुरुवातीलाच करवतीने दोन बोटांची टोके तुटलेला एक माणूस दिसतो. त्याच्याकडे विमा नाही. मधले बोट जोडायचे ६०,००० डॉलर, अनामिकेचे १२,०००. त्याने अनामिका निवडली. विमा नसलेले असे सुमारे पाच कोटी लोक देशात आहेत, असे सांगून मूर म्हणतात की हा चित्रपट त्यांच्यावर नाही. ज्यांनी विम्याचे हप्ते भरले आणि तरीही ज्यांना उपचार नाकारले गेले, त्यांच्यावर आहे.

प्रतिक्रिया मात्र सरळ दोन तटांत पडल्या नाहीत. मूर यांच्यावर एरवी तोंडसुख घेणाऱ्या फॉक्स न्यूजच्या समीक्षकानेच कान्सहून चित्रपटाची तारीफ केली. क्युबाचा मामलाही निघाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात काम करून ज्यांनी छातीचे आजार ओढवून घेतले, अशा काही जणांना मूर क्युबात घेऊन गेले होते. अमेरिकेच्या अर्थखात्याने त्या प्रवासाची चौकशी सुरू केली. त्या माणसांची छाती बाजूला राहिली, परवान्याची चर्चा रंगली.

९ जुलै २००७ रोजी सीएनएनने चित्रपटाची तहकीक प्रसारित केली. ती करणारे डॉ. संजय गुप्ता हे भारतीय वंशाचे मेंदूशल्यविशारद. चित्रपटात क्युबाचा दरडोई आरोग्यखर्च २५ डॉलर सांगितला आहे, पण हकीकतीत तो २२९ डॉलर आहे, असे त्यांनी दाखवले. ते संपताच पडद्यावर मूर होते, तेही थेट प्रक्षेपणात, आणि संतापलेले. इराक युद्धाच्या वेळी तुमची ही चिकित्सा कुठे गेली होती, असे त्यांनी निवेदक वुल्फ ब्लिट्झर यांना सुनावले. दुसऱ्या दिवशी लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात मूर आणि गुप्ता समोरासमोर आले. चित्रपटातला आकडा २५ नव्हे, २५१ होता. उतरवून घेताना शेवटचा एकचा आकडा गळाला, असा खुलासा वाहिनीला करावा लागला. चूक कबूल झाली, माफीही मागितली गेली.

गुप्तांशी इन्साफ करायचा तर त्यांचे काही मुद्दे योग्य होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या यादीत अमेरिका ३७ वी होती हे खरे, पण क्युबा तिच्याही खाली, ३९ वा होता. मोफत म्हटलेली सेवा लोकांच्या करांतूनच चालते, हेही खरेच.

पण एक गोष्ट या तहकिकीत कुठे आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मूर नावेतून ग्वांतानामोच्या दिशेने जातात आणि तिथल्या कैद्यांना मिळतात तसे उपचार आमच्या माणसांनाही द्या, असे भोंग्यावरून ओरडतात. कैद्यांना उत्तम वैद्यकीय सेवा मिळते, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे ते जसेच्या तसे घेतात. त्याच तुरुंगात २००६ च्या सुरुवातीला उपोषण करणाऱ्यांना खुर्चीला बांधून नाकातून नळी घालून अन्न भरले जात होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथे तीन कैदी मेले. हे कैदी मुसलमान होते म्हणून आम्हाला ते टोचले, हे आम्ही लपवत नाही. पण वैद्यकीय सेवेवरच्या चित्रपटाने वैद्यकाचा असा वापर विनोदात घालवावा आणि एकेक डॉलर मोजणाऱ्या पत्रकारांनीही तो जाऊ द्यावा, ही आमची तक्रार आहे.

उरलेली गोष्ट दोन वर्षांनी बाहेर आली. वेंडेल पॉटर हे सिग्ना या मोठ्या विमा कंपनीचे जनसंपर्क प्रमुख. २००८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि २००९ मध्ये ते सिनेटच्या समितीपुढे विमा कंपन्यांविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले. त्याच जुलैत पत्रकार बिल मॉयर्स यांच्या कार्यक्रमात त्यांनी 'सिको'विरुद्धच्या मोहिमेची माहिती दिली. विमा कंपन्यांच्या संघटनेने चित्रपट पाहायला आपला माणूस थेट कान्सला धाडला होता. मूर हे हॉलिवूडचे करमणूककार आहेत, सरकारी आरोग्यसेवा म्हणजे संकट आहे, असे मुद्दे तयार करून पेरले गेले. चित्रपटाची बाजू घेणे राजकीयदृष्ट्या महाग पडेल, असा इशारा डेमोक्रॅट नेत्यांपर्यंत पोचवायचे ठरले होते. पॉटर यांचे म्हणणे असे की, चित्रपटाने जे दाखवले ते मुळात खरे होते, आणि हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते.

सीएनएनचा एकचा आकडा या मोहिमेमुळे गळाला, असे कोणी सिद्ध केलेले नाही. आम्हीही तसे म्हणणार नाही. पण एका आकड्यावर दोन रात्री गाजत असताना हे काम पडद्याआड चालू होते, आणि त्याची खबर द्यायला खुद्द त्यातलाच माणूस यावा लागला.

नोव्हेंबर २०१० मध्ये पॉटर यांनी दूरदर्शनवर मूर यांची माफी मागितली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ओबामा यांनी आरोग्य कायद्यावर सही केली होती. खासगी विम्याशी स्पर्धा करणारी सरकारी योजना त्या कायद्यातून आधीच वगळली गेली होती.