'अल्कोहोल-फ्री' अत्तरात मग असते काय?

अत्तराच्या बाटलीवर 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेले दिसले की आपल्या घरांत पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जुमा असो, ईद असो, अत्तर लावणे सुन्नत. बाटली घेतली आणि लावली. पण अल्कोहोल नाही, तर सुगंध पातळ करायला त्या जागी काय घातले आहे? बाटलीवर ते बहुधा छापलेलेच नसते.

जुन्या पद्धतीत याचे उत्तर सरळ होते. कन्नौजमध्ये तांब्याच्या देगेत गुलाब किंवा केवडा पाण्यासोबत तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथे आधीच घातलेले चंदनाचे तेल सुगंध धरून ठेवते. चंदन महाग झाले तसा हा आधार बदलत गेला. आज स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन किंवा डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट, वापरतात. डीईपी रंगहीन, जवळपास वास नसलेले आणि स्वस्त. सुगंध त्यात सहज मिसळतो आणि लवकर उडून जात नाही. अगरबत्तीचा सुगंध पातळ करायलाही तेच चालते.

थॅलेट हे रसायनांचे मोठे खानदान आहे. हार्मोन म्हणजे शरीरातले निरोपे; कोणत्या अवयवाने कधी काय करायचे ते सांगणारे. काही थॅलेट या निरोपांत ढवळाढवळ करतात. डीईएचपी आणि डीबीपी या दोघांमुळे प्राण्यांच्या गर्भातील नरांची वाढ बिघडते हे प्रयोगांत दिसले आहे, म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यांना बंदी आहे. डीईपीवर मात्र तिथेही बंदी नाही. त्याचा धोका बराच कमी मानला जातो. तेव्हा अत्तर लावले की आजार होतो, असा अर्थ कोणी काढू नये. मुद्दा बेरजेचा आहे. सकाळी साबण, मग पावडर, डिओ, अत्तर, कपड्यांना सॉफ्टनर, फरशीला फिनाईल. घरात गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल तर ही बेरीज कमी केलेली बरी.

ती कमी होते का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सालिनास भागात 14 ते 18 वयाच्या 100 मुलींनी तीन दिवस आपली नेहमीची प्रसाधने बाजूला ठेवली आणि थॅलेट, पॅराबेन वगैरे नसलेली वापरली. लघवीच्या तपासणीत डीईपीपासून बनणारा घटक साधारण 27 टक्क्यांनी घटला. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त तीन दिवसांत! नववी-दहावीच्या वर्गात पीटीच्या तासानंतर डिओचा जो धूर होतो, तो पाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा आकडा फार बोलका वाटतो.

अडचण लेबलची आहे. साबण-क्रीमवर घटकांची यादी असते, पण सुगंधाच्या जागी 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' एवढा एकच शब्द. त्यामागे डझनभर रसायने असू शकतात. बाजारातले 'मुश्क' आणि 'व्हाइट मस्क' हेही बहुतेक कृत्रिम. गॅलेक्सोलाइडसारखी कृत्रिम कस्तुरी शरीरातल्या चरबीत साठते आणि आईच्या दुधातही सापडली आहे. लिलियल नावाचा फुलांचा वास देणारा घटक वर्षानुवर्षे सर्रास वापरात होता. प्रजननक्षमतेला धोका म्हणून युरोपने मार्च 2022 पासून प्रसाधनांत तो बंद केला. जुन्या साठ्यातल्या परदेशी बाटलीवर 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' असे लांबलचक नाव दिसले तर तो हाच.

'नॅचरल' शब्दावरही डोळे मिटून विश्वास नको. 2007 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन लहान मुलांची नोंद छापली: लॅव्हेंडरची उत्पादने वापरताना त्यांची छाती वाढली, वापर थांबवल्यावर ती उतरली. पुढे यावर वाद झाला, पण तान्ह्या बाळाला कसलाच सुगंध न लावणे सोपे आहे. त्याला अत्तर नको आणि वासाची पावडरही नको.

सगळे एकदम फेकायची गरज नाही. अंगावर दिवसभर राहणाऱ्या वस्तू आधी बदला. क्रीम, लोशन, डिओ. धुऊन जाणारा साबण नंतर. घेताना 'फ्रेग्रन्स-फ्री' पाहा. 'अनसेंटेड'मध्ये वास झाकण्यासाठी वेगळा सुगंध घातलेला असू शकतो. रूम फ्रेशनरऐवजी खिडकी उघडा, हे आम्ही हक्काने सांगू. लोबान जाळायचाच असेल तर तेही खिडकी उघडी ठेवून, कारण धूर तो धूरच.

आणि अत्तरवाल्याला सरळ विचारा, "भाई, बेस कशाचा आहे? डीईपी आहे का?" माहीतगार दुकानदार उत्तर देतो. शंभर-दीडशे रुपयांत चंदनाच्या आधारावरचे खरे गुलाबाचे अत्तर येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. बेस कळला नाही तर अत्तर अंगाऐवजी कपड्याला लावा, तेही आतल्या बाजूने. पांढऱ्या कुर्त्यावर पडलेला तेलाचा डाग सहज निघत नाही.