वऱ्हाडच्या बंडीचा कणा
वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि ती हाकणाऱ्याला धुरकरी. बंडीचा सारा भार कण्यावर असतो. त्यातही कणा चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या गड्ड्यात, शिरतो तिथे ताण सर्वांत जास्त. अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीत तो आणखी वाढतो. पावसाळ्यात ही माती फुगते, चिकटते, चाक तुंब्यापर्यंत रुतते. उन्हाळ्यात तीच वाट खोल चाकोऱ्यांसकट टणक वाळते. एक चाक चाकोरीत उतरले की भार त्या अंगाला कलतो आणि कणा तुंब्यात तिरका घासू लागतो. वर कापूस उंच रचलेला असला तर कल वाढतच जातो.

गावच्या सुतार-लोहारांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले. चाक छातीइतके उंच ठेवले, म्हणजे कणा चिखलाच्या वर राहतो आणि खड्डे ओलांडायला बैलांना जोर कमी लागतो. तुंबा आणि आरे बाभळीचे. लाकडी कण्याला धावड्यासारखे चिवट लाकूड. तुंबा लांब घेतला की सांध्यावरचा दाब एका जागी न पडता पसरतो. साटीचा, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीचा, भार चाकांच्या जितका जवळ टेकेल तितका कणा कमी वाकतो. चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवून लगेच पाणी ओतले की ती आवळते आणि सैल सांधे घट्ट बसतात. पुढे कणाही लोखंडी झाला. मग लाकडी तुंबा आतून झिजू नये म्हणून त्यात लोखंडी बांगडी बसवावी लागली, आणि वंगणाचे नळकांडे बंडीखाली कायमचे लटकू लागले. वंगण टाळणे म्हणजे कण्याचे आयुष्य कमी करणे, हे धुरकऱ्याला कोणी शिकवावे लागत नसे. माल मागे जास्त पडून बंडी उलाळ होऊ नये, हेही तोच पाही.

तरीही लांबच्या पल्ल्यात बंडी फारशी चालली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस मिर्झापूरकडे जाई तो बैलांच्या पाठीवरून. 1825-26 साली विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनी मुंबईला कापूस धाडला, तोही लादलेल्या बैलांवरच. बैलाच्या पाठीला पायवाट पुरते. कण्याला रस्ता लागतो.

1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला अपार मागणी आली. रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोचली. खामगावची शाखा 1870 साली सुरू झाली, पाठोपाठ बडनेरा-अमरावती. बंडीचा प्रवास आता गाव ते ठेसन एवढाच उरला. कण्याचा भार हलका करण्यात या आखूड झालेल्या वाटेचा वाटा कारागिरीपेक्षा मोठा म्हणावा लागेल.

पण त्याच रेल्वेने दुसऱ्या बाजूने भार वाढवला. पूर्वी गावातच रेच्यावर, म्हणजे हातयंत्रावर, सरकी काढली जाई. कापसाच्या वजनात सरकी सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणजे गावाबाहेर जाणारी रुई एक तृतीयांशच. ठेसनाजवळ जिनिंग-प्रेसिंग उभे राहिल्यावर सरकीसकट कापूस बंडीत भरला जाऊ लागला. तेवढ्याच रुईसाठी कण्यावर तिप्पट वजन आले. कारंजा येथे 1886 साली नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडच्या बाजारांसाठी कायदा झाला, आणि बाजाराच्या दिवशी भरलेल्या बंड्यांची गर्दी ठरलेली झाली. 1972 साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या रांगाही बंड्यांच्याच.

विसाव्या शतकात हवेच्या टायरची बंडी आली. तिने सांध्याचे स्वरूपच बदलले: लाकडी तुंब्याच्या जागी बेअरिंग, धावेच्या जागी रबर. घर्षण घटले, आणि खड्ड्याचा धक्का कण्यापर्यंत पोचण्याआधी टायरमध्ये जिरू लागला. रुंद टायर मऊ मातीत कमी रुततो, त्यामुळे कलही कमी होतो. मात्र टायर लहान असल्याने कणा जमिनीजवळ आला. खोल चिखलात उंच चाकाची जुनी बंडी जिथून निघे तिथे टायरची बंडी पोटावर टेकते. शिवाय ओढायला हलकी म्हणून तिच्यावर जास्त माल लादला जातो, आणि वाचलेला ताण परत येतो. बेअरिंग बिघडले की दुरुस्तीही गावच्या सुताराच्या हातून निसटून तालुक्याच्या वर्कशॉपकडे जाते.