कोनरोधी काचबिंदू : लेसर उपचार व प्रतिमादर्शन

कोनरोधी काचबिंदू : नेत्रजलाच्या निचऱ्याचा मार्ग बंद होऊन डोळ्यातील दाब वाढल्यामुळे दृक् तंत्रिकेस इजा पोहोचविणारा विकार. नेत्रजल परितारिकेमागे (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे) निर्माण होते, बाहुलीतून पुढे येते आणि स्वच्छमंडल व परितारिका यांच्यामधील कोनातील जाळीदार ऊतकातून बाहेर पडते. काही डोळ्यांत भिंग व परितारिका परस्परांस टेकल्याने बाहुलीशीच अडथळा येतो. मागे साचलेल्या द्रवाने परितारिका पुढे फुगते व कोन मिटतो. दाब एकाएकी चढल्यास तीव्र वेदना होतात, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात आणि त्वरित उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाते.

जर्मन नेत्रविशारद आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा भाग कापून या विकारावर उपचार केला परंतु त्याने गुण का येतो, हे तेव्हा स्पष्ट नव्हते. बाहुलीतील अडथळ्याचे तत्त्व एडवर्ड करन यांनी १९२० मध्ये मांडले. कोन प्रत्यक्ष पाहणेही सोपे नव्हते. तेथून येणारे किरण स्वच्छमंडलातच पूर्णपणे परावर्तित होत असल्याने तो बाहेरून दिसत नाही. डोळ्यावर स्पर्शभिंग ठेवून ही अडचण दूर करता आली. १९३८ मध्ये ऑटो बारकन यांनी कोनाच्या रुंदीवरून काचबिंदूचे वर्गीकरण केले. ही कोनदर्शन पद्धती आजही निदानाचा पाया आहे.

१९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर शस्त्राविना परितारिकेला छिद्र पाडणे शक्य झाले. १९७० नंतरच्या दशकात आर्गॉन लेसर आणि पुढे निओडिमियम-याग लेसर वापरात आला. पहिला ऊतक तापवून, तर दुसरा सूक्ष्म स्फोटाने भेदून छिद्र पाडतो. छिद्रामुळे परितारिकेच्या दोन्ही बाजूंचे दाब समान होतात.

हा परिणाम चित्ररूपाने दाखविण्याचे काम दोन तंत्रांनी केले. टोराँटो येथे चार्ल्स पॅव्हलिन, स्टुअर्ट फॉस्टर व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेल्या श्राव्यातीत सूक्ष्मदर्शनात सेकंदास सुमारे ५ कोटी कंपनांचे तरंग वापरतात. प्रकाशीय संसक्ती छेददर्शनाचे तंत्र १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे डोळ्याच्या अग्रभागासाठी योजिले गेले. त्यात अवरक्त किरणांनी, डोळ्यास स्पर्श न करता छेदचित्र मिळते. उपचारापूर्वीच्या चित्रात कमानीसारखी फुगलेली परितारिका उपचारानंतर सपाट झालेली व कोन रुंदावलेला दिसतो. अग्रकोष्ठाची मध्यभागीची खोली मात्र फारशी बदलत नाही. काही डोळ्यांत छिद्र खुले असूनही कोन अरुंदच राहतो. रोमक पिंड पुढे सरकलेले असणे हे त्याचे एक कारण होय. परितारिकेतील रंगद्रव्य प्रकाश अडविते, म्हणून हे कारण श्राव्यातीत तरंगांनीच नीट दिसते.

कोन रुंदावला म्हणजे अंधत्व टळले, असे मात्र म्हणता येत नाही. चीनमधील ग्वांगजो येथे कोन अरुंद परंतु अद्याप काचबिंदू नसलेल्या ८८९ व्यक्तींच्या एका डोळ्यावर लेसर उपचार करून दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार दर हजार नेत्रवर्षांमागे विकारवाढीचे प्रमाण उपचारित डोळ्यांत ४·१९, तर इतरांत ७·९७ होते. धोका जवळजवळ निम्म्यावर आला परंतु मुळातच तो अल्प असल्याने अशा प्रत्येक डोळ्यावर सरसकट उपचार करू नयेत, असे संशोधकांनी सुचविले. तीव्र झटका आलेल्या किंवा दाब वाढलेल्या रुग्णांस हा निष्कर्ष लागू होत नाही. प्रतिमा कोनाचे रूप दाखविते परंतु उपचाराचा निर्णय दाब, दृक् तंत्रिकेची स्थिती व दृष्टिक्षेत्र यांच्या तपासणीनंतरच घ्यावा लागतो.