‘रान’ आणि उपग्रह : पलूस परिसराच्या निमित्ताने वनमापनाचा विचार

मराठीतील ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’, प्राकृत ‘रण्ण’ यांपासून आला. तथापि कृष्णाकाठी पलूसच्या परिसरात ‘रानात जाणे’ म्हणजे बहुधा शेतावर जाणे होय. जंगल आणि शेत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. त्यांतील कोणता घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते. उपग्रहांच्या साहाय्याने वने मोजण्याचा इतिहास पाहता हीच द्व्यर्थता तेथेही आढळते.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंच्या तफावतीवरून वनस्पतींचे आच्छादन व त्याचे आरोग्य अजमावता येते. १९७२ च्या जुलैमध्ये अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहापासून हे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने भारताचे वनक्षेत्र १९७२–७५ साठी सु. ५.५५ कोटी हेक्टर, तर १९८०–८२ साठी सु. ४.६३ कोटी हेक्टर ठरविले. उलटपक्षी, भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात, १९८१–८३ च्या चित्रांवरून, ते सु. ६.४ कोटी हेक्टर भरले. एवढ्या अल्प काळात एवढी वने उगवणे शक्य नव्हते. भेद वनांत नव्हता. चित्रांच्या वाचनात आणि ‘वन’ या शब्दाच्या अर्थनिश्चितीत होता.

सर्वेक्षणाच्या रूढ व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के वृक्षछत्र असल्यास ते वनाच्छादन; मालकी कोणाची, झाड कोणते, हे प्रश्न गौण. साहजिकच फळबागाही त्यात येऊ शकतात. ऊस व घाणेरी यांचे परावर्तन वृक्षछत्रासारखे असल्याने सीमा आखताना अडचण येते, हे सर्वेक्षणाच्या अहवालांनीच मान्य केले आहे.

पलूस परिसरात ही अडचण विशेष ठळक होते. पलूस, कडेगाव व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वर अभयारण्य (१०.८७ चौ. कि. मी.; घोषणा १९८५) हे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर माणसांनी उभे केलेले वन होय. उन्हाळ्यात तेथील पानझडी वृक्ष निष्पर्ण होतात, तर पायथ्याचा बागायती ऊस हिरवागार असतो. केवळ एप्रिलचे चित्र पाहणाऱ्यास वन रोगट व ऊस निरोगी वाटेल. यावर उपाय म्हणजे एकाच जागेची निरनिराळ्या ऋतूंतील चित्रे क्रमाने वाचणे. उसाचे फड गळीत हंगामात एकाएकी मोकळे होतात; वृक्षांची पानगळ मात्र सावकाश होते व पहिल्या पावसानंतर पालवी परतते. २०१५ पासून सेंटिनेल-२ उपग्रहमालेची दहा मीटर सूक्ष्मतेची चित्रे वारंवार मिळू लागल्याने हे वाचन सुकर झाले आहे.

पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट व घाना येथे सावलीत वाढणारा कोको नेमका असाच फसवतो. उंच वृक्षांखालील कोकोची बाग वरून अरण्यच भासते. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून पिकविलेला कोको युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने निषिद्ध ठरविला आहे. अशा वेळी नकाशातील एका ठिपक्याचा अर्थ चुकला, तर निरपराध शेतकऱ्याचा माल नाकारला जाईल, किंवा तोडलेले अरण्य कागदोपत्री शाबूत राहील.

सारांश, उपग्रह रंग नोंदवितो. त्याला नाव माणूस देतो. ‘रान’ म्हणजे येथे काय, हे पलूसचा शेतकरी संदर्भाने जाणतो. नकाशा करणाऱ्यास तो संदर्भ ऋतुचक्रातून व प्रत्यक्ष भूमीवरील पडताळणीतूनच मिळवावा लागतो.