दंडावरचा दाखला

मराठीत 'देवी' या एकाच शब्दाने रोग, त्या रोगाची अधिष्ठात्री आणि त्यावरची लस अशा तिन्ही गोष्टी ओळखल्या गेल्या; अंगावर देवी येत, देवीला थंड नैवेद्य दाखवला जाई आणि सरकारी टोचणारा गावात आला की तो मुलांच्या 'देवी काढी'. टोचल्या जागी जो वण राही, तोच पुढे जन्मभराचा दाखला ठरे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यातील माजरीसारख्या गावात, जिथे माणसे कामाच्या मागे येत-जात राहिली, तिथे कागदावाचून चालणाऱ्या या दाखल्याचे महत्त्व विशेष होते.

गायीच्या देवीपासून केलेली लस भारतात प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस साठवता येत नसल्याने एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात घालून ही साखळी पुढे न्यावी लागे, आणि जात-सोवळे मानणाऱ्या समाजात तिला विरोध झाला यात नवल नाही. सक्तीचा प्रयत्न १८८० च्या लसीकरण कायद्याने झाला. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात होता; पण हा कायदा नगरपालिका आणि लष्करी छावण्या यांच्यापुरताच होता व तोही आपोआप लागू होत नसे, त्यामुळे जंगलातील व नदीकाठची गावे त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

या कायद्यातील एक तरतूद खाणपट्ट्याच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. सहा महिन्यांचे झालेले आणि त्या ठिकाणी सहा महिने राहिलेले मूल पालकांनी टोचून घ्यावे, अशी अट होती, आणि तिची वयोमर्यादा मुलांसाठी चौदा वर्षे, तर मुलींसाठी आठ वर्षे होती. मुलगी आठ वर्षांची झाली की तिच्या दंडाला परक्या पुरुषाचा हात लागू नये, हा विचार या फरकामागे असावा. मात्र 'सहा महिने वास्तव्य' ही अट ज्याने लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर एका जागी टिकणारे घर होते; हंगामापुरता आलेला मजूर त्यात कुठेच बसत नव्हता.

वर्धेच्या खोऱ्यात असा मजूर वाढत गेला. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली, तरी कोळशाचा व्यवसाय दक्षिणेकडे सरकला. वणीकडे फुटणाऱ्या लोहमार्गाने माजरीला जंक्शन केले. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, वसाहती वाढल्या, आणि मुलांना एकत्र आणणारी जागा म्हणून शाळा पुढे आली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्येच शाळाप्रवेशासाठी देवीची लस आवश्यक केली होती; भारतात मात्र लसीकरण ही प्रवेशाची देशव्यापी कायदेशीर अट कधी झाली नाही, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर वयाचा पुरावा नसला तरीही प्रवेश नाकारू नये असे ठरवले. इथल्या शाळेने दार अडवण्यापेक्षा मुले एका जागी मिळण्याची सोय पुरवली. देवीचा रोग १९७५ नंतर देशात राहिला नाही व त्याची लसही थांबली. मग १९७८ पासून विस्तारित आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. या कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची, पुढे घटसर्पाचीही जोड असलेली लस दिली जाते. ती साहजिकच शाळेच्या वयात येते.

पण नवे दाखले कागदी आहेत आणि कागद स्थलांतरात हरवतो. जन्मानंतरच्या क्षयरोग-प्रतिबंधक लसीचा डाव्या दंडावरील छोटा वण तेवढा जुन्या वणाचा वारस म्हणता येईल. पल्स पोलिओच्या मोहिमांत डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावली गेली, ती काही दिवसांत पुसली जाई. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला मोहीम शाळांतून सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक मात्रा द्यायची होती. लस देण्यासाठी जुने कार्ड मागण्याची गरजच तिथे उरली नव्हती.