देणं, लग्न आणि विष

इंग्रजीत जे रंगीत कागदात गुंडाळून हाती येतं, ते जर्मनीत उंदीर मारायच्या डब्यावर छापलेलं असतं: गिफ्ट. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेत याच अक्षरांचे अर्थ दोन, 'विष' आणि 'विवाहित'. त्यावर तिकडे किती विनोद झाले असतील, ते सांगायला नको.

मूळ मात्र एकच: 'देणे' अर्थाचा जर्मानिक धातू. जुन्या इंग्रजीत हा शब्द देज, म्हणजे वधूसाठी मोजायचं मोल, या अर्थाने होता. अनेकवचनात थेट लग्न. आजचा ठसठशीत 'ग' इंग्रजीला मिळाला तो वायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. नाहीतर इंग्रज आज 'यिफ्ट' म्हणाले असते. स्कँडिनेव्हियातला 'विवाहित' मराठी माणसाला कोड्यात टाकणार नाही. आपणही मुलगी नाशिकला 'दिली' म्हणतोच.

खरी गंमत विषाची. ग्रीक 'दोसिस' म्हणजेही देणं. वैद्यांनी तो औषधाच्या एका वेळच्या मात्रेसाठी वापरला, आणि जर्मनांनी त्याचं शब्दशः रूप केलं 'गिफ्ट'. मात्रेवरून मारक मात्रा. विषाला जुना शब्द होताच, आजचा 'आइटर'. पण तो घसरत घसरत नुसता 'पू' उरला. मला यात भीती दिसते. आपण सापाला 'लांबडं' म्हणतो, तसं विषाचं नाव टाळून 'ते दिलेलं' म्हणायचं. भेटीचा अर्थ काही शतकं सोबत राहिला, मग गळाला. 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा, या शब्दात तेवढा अडकून बसला. (हुंड्यात विष शोधणाऱ्यांना जर्मन भाषेने आयतीच सोय करून ठेवली आहे.)

1538 मध्ये पॅरासेल्सस या वैद्याने आपल्या बचावासाठी लिहिलं, की विष नसलेली वस्तूच नाही. विष ठरतं ते मात्रेमुळे. त्याच्या वाक्यात 'गिफ्ट' आणि 'दोसिस' शेजारी शेजारी आहेत. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक आरोपी आणि दुसरा न्यायाधीश.

डचांनी भांडण एका 'ट'वर मिटवलं: 'गिफ्ट' देणगी, 'गिफ' विष. फ्रेंच 'प्वाझाँ' हे विष मुळात लॅटिनमधलं साधं 'पेय'. आणि लॅटिन 'वेनेनुम' हे विष? त्याचं नातं व्हीनस देवीशी जोडतात. आधी ते वशीकरणाचं औषध होतं म्हणे.